उशीर आधी कानावर येतो

प्रकल्प लांबणार ही बातमी बार चार्टवर उमटते तेव्हा ती शिळी झालेली असते. त्याच्या कितीतरी आधी ती कुणीतरी तोंडाने सांगितलेली असते. स्टोअरकीपर चहा पिता पिता म्हणतो, केबल ट्रेचा फोन अजून आला नाही. सेंटरिंगचा मुकादम निघता निघता म्हणतो, पोरं गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेला) जातील बघा. इलेक्ट्रिशियन नुसताच विचारतो, पॅनल इथंच ठेवायचं ठरलंय का? ही वाक्यं लहान असतात, धड तक्रारही नसते त्यांच्यात, आणि ज्याने ऐकायची तो प्रोजेक्ट मॅनेजर त्या वेळी बहुधा फोनवर असतो.

प्रोजेक्ट मॅनेजरच्या कामातला ऐकण्याचा भाग म्हणजे स्वभावाचा गोडवा, असं समजलं जातं. माणूस शांत असला की तो चांगला ऐकतो, तापट असला की ऐकत नाही. मला हे पटत नाही. वेळापत्रक बांधणं किंवा बिलं तपासणं ही जशी शिकायची कामं, तसंच हेही शिकायचं काम आहे. त्याला रीत आहे, वेळ लागतो आणि त्यात ठरावीक चुका होतात. शांत माणसंही त्या चुका करतात. त्यांच्या चुकांकडे तर उलट कुणाचं लक्षच जात नाही.

डोळ्यांसमोर एक काम घेऊ. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, जुन्या शेडला लागून नवी शेड उभी करून तिच्यात बारा रॅपियर (बिनधोट्याचे) माग बसवायचे आहेत. मालक, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सिव्हिलचा कॉन्ट्रॅक्टर, त्याचा मुकादम, इलेक्ट्रिकलचा कॉन्ट्रॅक्टर, वाढीव वीजभाराचा पाठपुरावा करणारा माणूस, माग पुरवणाऱ्या कंपनीचा इरेक्टर (माग उभे करून देणारा), ह्युमिडिफिकेशनवाला (शेडमधल्या हवेत ओलावा राखणारी यंत्रणा बसवणारा), स्टोअर, अकाउंट्स, कारखान्याचा जॉबर (माग जुळवणारा आणि दुरुस्त करणारा) आणि प्रोजेक्ट मॅनेजर. बारा माणसं. बारा जणांत एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या होतात ६६. पाच जण असते तर दहाच झाल्या असत्या. या ६६ पैकी मॅनेजरच्या वाट्याला फक्त अकरा जोड्या येतात, बाकीच्या ५५ जोड्यांत काय बोललं जातं ते त्याला दिसत नाही. त्यामुळे आपल्याला सगळं ठाऊक आहे, या समजुतीत काम करणं धोक्याचं. या लोकांना जे ठाऊक आहे ते आपल्यापर्यंत आपणहून यावं, अशी वाट करून ठेवणं एवढंच हातात असतं.

सोलापुरात यात आणखी एक गोष्ट मिसळते. कॉन्ट्रॅक्टर मराठीत बोलतो, त्याच्या टोळीत निम्मे कन्नड बोलणारे, जॉबर आणि मागवाले घरी तेलुगू बोलतात, वायरिंगची मुलं हिंदी-दखनीत. सगळ्यांना मराठी कळते, पण कामापुरती कळणं आणि अडचण मांडण्याइतकी येणं यात फरक आहे. अडचण सांगायला माणसाला आपली भाषा लागते. मोजमापात तर हमखास गोंधळ होतो. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, गवंडी फूट-इंच आणि सुतात (इंचाचा आठवा भाग), त्यात आपण तोंडी 'पावणेदोन' किंवा 'अडीच' म्हणून मोकळे होतो. घरात दुसरी भाषा असलेल्या माणसाला हे आकडे पटकन लागत नाहीत, पण चारचौघांत तो पुन्हा विचारायला लाजतो. म्हणून आकडा बोलून सोडू नये. भिंतीवर खडूने, आकड्यांत लिहावा, आणि शेजारी एकक लिहावं. मुकादमाने आपल्या माणसांना त्यांच्या भाषेत समजावून झाल्यावर टोळीतल्या एकाला जमिनीवर खडूने आखायला सांगावं. त्याची रेघ कुठे पडते ते पाहिलं की कोणाला काय कळलं ते समजतं. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात.

मागाच्या शेडमध्ये बोलण्याची अडचण वेगळीच असते. जुने धोट्याचे माग चालू असताना आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादाच ९० ची आहे. आयुष्यभर तिथे काम केलेल्या माणसाला कमी ऐकू येणं ही नवलाची गोष्ट नाही. असे लोक समोरच्याचे ओठ पाहून अंदाज बांधतात, आणि अंदाज लागला नाही तरी मान हलवतात. मॅनेजर ड्रॉइंगकडे पाहत, पाठमोरा होऊन सूचना देतो, जॉबर मान हलवतो, आणि दोघांनाही वाटतं की ठरलं. कामाचं बोलायचं असेल तर माणसाला शेडबाहेर न्यावं, त्याच्या तोंडासमोर उभं राहावं, आणि कागद दोघांच्या मध्ये धरावा.

या जॉबरवर थोडं थांबायला हवं, कारण बैठकीला त्याला बोलवायचं बहुतेक वेळा राहूनच जातं. टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे ताण्याचे (उभे) धागे गुंडाळलेले रूळ, असतात. खालच्या बीमवर टॉवेलची मूळ वीण धरणारे ताणे, वरच्या बीमवर फाशांचे, म्हणजे ज्यांच्यामुळे टॉवेल पाणी शोषतो ते ताणे. लेआउटच्या ड्रॉइंगवर मागाची लांबी-रुंदी असते, दोन रांगांमधली वाट असते. पण सुताने भरलेला बीम काही क्विंटलचा भरतो. तो ट्रॉलीवर मागच्या बाजूने आणायचा, वळवायचा आणि वरचा असेल तर उचलून चढवायचा. जॉबर कागद पाहून एकच विचारतो, "साहेब, वरचा बीम कुठून चढवायचा?" या प्रश्नात अनेक गोष्टी आहेत: मागच्या वाटेची रुंदी, बीम उचलणाऱ्या ट्रॉलीचा वळण्याचा घेर, आणि वरून जाणारा ह्युमिडिफिकेशनचा डक्ट आड येतो का. काँक्रीट ओतण्याआधी हा प्रश्न ऐकला तर कागदावरची एक रेघ हलते. माग बसल्यावर ऐकला तर डक्ट उतरवावा लागतो. आणि "ते कंपनीचा इरेक्टर बघेल" असं उत्तर दिलं की जॉबर पुन्हा काही विचारत नाही. तो अपमानही मानत नाही, फक्त ही आपली जागा नव्हे असं समजून गप्प राहतो.

ऐकण्यातला मोठा वाटा प्रश्नाच्या घडणीत आहे. "शनिवारपर्यंत होईल ना?" या प्रश्नाला सोलापुरात एकच उत्तर मिळतं: "होतंय की साहेब." यात खोटेपणा नाही. विचारणाऱ्याचा मान राखायची ही रीत आहे, आणि प्रश्नानेच ते उत्तर मागितलेलं असतं. म्हणून 'ना'ने संपणारे प्रश्न सोडून द्यावेत. "शनिवारी झालं नाही तर कशाने अडलेलं असेल?" असं विचारलं की माणूस विचार करून बोलतो, कारण आता अडचण सांगणं हेच बरोबर उत्तर असतं. काँक्रीटच्या पाण्याचं उदाहरण घ्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी द्यायचं, कोरड्या कडक हवेत किमान दहा, आणि पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल तर चौदा दिवसांपर्यंत न्यावं अशी शिफारस आहे. एप्रिल-मेचं सोलापूर म्हणजे कोरडी कडक हवाच, आणि बाजारात सिमेंट बहुतेक पीपीसी. शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं हे इथल्या कुणाला सांगायला नको, साइटवर तर टँकरचाच भरवसा. आता "पाणी मारताय ना?" हा प्रश्न वाया गेलेला आहे. "काल संध्याकाळचं पाणी कुणी मारलं?" आणि "टँकर किती वाजता आला?" हे दोन प्रश्न विचारले की एक नाव आणि एक वेळ मिळते, किंवा दोन्ही मिळत नाहीत. दोन्ही मिळाली नाहीत तर मुकादमाची कानउघाडणी न करता, टँकरवाला का येत नाही तेवढं विचारायचं. बहुधा त्याचे पैसे थकलेले असतात.

प्रश्न विचारल्यावर थांबायचं असतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात शाळांच्या वर्गांचा अभ्यास केला. शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबत. तेच थांबणं तीन सेकंद किंवा जास्त केल्यावर मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. साइटवरच्या बैठकीतही हेच होतं. तीन सेकंद ऐकायला कमी वाटतात, पण टेबलाभोवती दहा माणसं बसलेली असताना ती फार लांब जातात, आणि मॅनेजरच ती भरून काढतो. मनात एक, दोन, तीन मोजायचे आणि तोवर पाण्याचा ग्लाससुद्धा उचलायचा नाही. दुसऱ्या भाषेतून उत्तर जुळवणाऱ्याला तीनही पुरत नाहीत, पाच द्यावीत.

बैठकीची रचना यावरच ठरवावी. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या वेळी उभ्याने दहा मिनिटं, आठवड्यातून एकदा बसून पाऊण तास. उन्हाळ्यात कामच सकाळी सहाला सुरू होऊन अकराच्या सुमारास थांबतं आणि ऊन उतरल्यावर पुन्हा चालू होतं. तेव्हा साप्ताहिक बैठक दुपारच्या खंडात घ्यावीशी वाटते, पण ती घेऊ नये. त्या वेळी माणूस डबा खाऊन आडवा व्हायला हवा असतो. त्याची ती तासाभराची झोप मोडून त्याच्याकडून नीट विचार केलेलं उत्तर मिळणार नाही. आठवड्याच्या बैठकीत बोलण्याचा क्रम उलटा लावावा: आधी स्टोअर, जॉबर, मुकादम, मग कॉन्ट्रॅक्टर, मग इंजिनिअर, आणि मॅनेजर सगळ्यांत शेवटी. मालक बसणार असतील तर त्यांच्याशी आदल्या दिवशीच बोलून घ्यावं की तुमचं मत शेवटी मांडा. मालकांनी पहिल्याच मिनिटाला "पाडव्याला मुहूर्त करायचाय" म्हटलं की त्यापुढची बैठक पाडव्याला होकार देण्यातच संपते.

कुणी अडचण मांडली की ती लगेच सोडवायला धावू नये. ही अनुभवी मॅनेजरचीच चूक असते, नवख्याची नाही, कारण उत्तर त्याच्या जिभेवर तयार असतं. आधी ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं: "म्हणजे पॅनल या भिंतीला लावलं तर बीमच्या ट्रॉलीला वाट उरत नाही, असंच ना अण्णा?" इथे मात्र 'ना' चालतो, कारण दुरुस्त करायची सोय त्याला दिलेली असते. तो बऱ्याचदा म्हणतो, "तसं नाही साहेब, वाट उरते, पण दार उघडं असलं की नाही." ही दुरुस्ती हाती लागावी म्हणूनच परत म्हणायचं. मग वहीत त्याच्याच शब्दांत लिहायचं. कार्यवृत्तात 'जागेची अडचण चर्चिली गेली' असं लिहिलं की पुढच्या आठवड्यात त्यातून कुणालाच काही कळत नाही. 'पॅनलचं दार उघडल्यावर ट्रॉली जात नाही. इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर बुधवारपर्यंत दुसरी जागा दाखवणार' असं हवं.

आणि यानंतरची पायरी, जिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं: ज्याने सांगितलं त्याला चोवीस तासांत काय ठरलं ते कळवायचं. मान्य झालं असेल तर एका वाक्यात. झालं नसेल तर कारणासकट. "अण्णा, पॅनल हलवता येत नाही, कारण महावितरणची केबल त्याच बाजूने येते, पण दाराची दिशा बदलतोय." नकार लोकांना चालतो, उत्तरच न येणं चालत नाही. दोनदा सांगून काहीच कानावर आलं नाही की तिसऱ्यांदा कुणी सांगत नाही, आणि त्या गप्प राहण्याला मॅनेजर 'सगळं सुरळीत आहे' समजून बसतो. व्हॉट्सॲप ग्रुपवरची निळी टिक म्हणजे ऐकलं गेल्याची पावती नाही. 'नोटेड सर' आणि अंगठा हे दोन्ही न वाचता पाठवता येतात. ग्रुप फोटो आणि चलनांसाठी ठेवावा, निर्णय आणि नकार तोंडी द्यावेत आणि मग लिहावेत.

नेतृत्व म्हणून ज्याचा एवढा बोलबाला असतो ते मला तरी एका ठिकाणी स्पष्ट दिसतं: वाईट बातमी आल्यावरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत. विमान वाहतुकीतली एक घटना इथे सांगायलाच हवी. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेटावरचा धुक्याने भरलेला विमानतळ. केएलएमचं बोइंग ७४७ धावपट्टीवर वेग घेत होतं. कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला रेडिओवरच्या बोलण्यावरून शंका आली, की पॅन ॲमचं दुसरं ७४७ अजून धावपट्टीवरच आहे. त्याने तसं विचारलं. कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा. त्याने ठासून सांगितलं की धावपट्टी मोकळी आहे. इंजिनिअर पुढे बोलला नाही. ५८३ माणसं गेली. अपघाताला कारणं अनेक होती, धुकं, रेडिओवर एकावर एक चढलेले आवाज, निघायची घाई. पण त्यानंतर विमान कंपन्यांनी कॉकपिटमधल्या वागण्याचं वेगळं प्रशिक्षणच सुरू केलं. कनिष्ठाने शंका कशी मांडायची आणि वरिष्ठाने ती कशी घ्यायची, हे दोन्ही त्यात शिकवतात. दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. धीर करून बोला, असं खालच्या माणसाला सांगणं सोपं आहे. त्या माणसाने धीर केलाच होता.

म्हणून वाईट बातमी आली की कोणत्या क्रमाने विचारायचं ते आधीच पाठ असावं. सांगितलं ते बरं केलं, हे पहिलं. मग: याने पुढचं कोणतं काम अडतं? तुला काय लागेल? आणखी नक्की कधी कळेल? एवढंच. 'कुणामुळे झालं' हा प्रश्न त्या बैठकीत येऊ द्यायचा नाही. तो टाळायचा नाही, पण दुसऱ्या दिवशी, बंद दाराआड, संबंधित माणसाशी बोलायचा. एकाच बैठकीत दोन्ही केलं तर पुढच्या वेळी बातमी उशिरा येते आणि सजवून येते.

ऐकण्याचाही अतिरेक होतो. जो मॅनेजर प्रत्येक बाबतीत सगळ्यांचं मत घेतो आणि निर्णय पुढच्या सोमवारवर टाकतो, त्याच्यापुढे लोक बोलायचे थांबतात, आणि त्यांचं बरोबर असतं. विचारण्याआधी स्वतःशी ठरवावं की हे खरंच उघडं आहे का. मागाची कंपनी मालकांनी ठरवून झाली असेल तर त्यावर मत मागू नये. "हे ठरलंय, आता बसवायचं कसं ते बोलू" असं सरळ सांगावं. आधीच ठरलेल्या गोष्टीवर मतं गोळा करणं लोकांना लगेच ओळखू येतं.

दर आठवड्याला दिलेले शब्द मोजावेत. पुढच्या आठवड्यासाठी वीस कामं कबूल केली, त्यातली तेरा पूर्ण झाली, म्हणजे ६५ टक्के. उरलेल्या सातांपुढे कारण लिहायचं: माल, माणसं, पाणी, ड्रॉइंग, आधीचं काम, सणवार. सोलापुरात शेवटचा रकाना रिकामा राहत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ, आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर पालख्या आणि वळवलेल्या ट्रकच्या वाटा. हे दिवस पंचांगात आधीच छापलेले असतात, तरी वेळापत्रकात नसतात, कारण वेळापत्रक बनवताना मुकादमाला विचारलेलं नसतं. टक्का मात्र छडी म्हणून वापरू नये. त्यावरून झापलं की लोक वीसऐवजी दहाच कामं कबूल करतात, टक्का नव्वदवर जातो आणि प्रकल्प तिथल्या तिथे.

वरच्या बाजूचं ऐकणंही तेवढंच कसोटीचं असतं. मालक "पाडव्याला सुरू झालंच पाहिजे" म्हणतात तेव्हा पहिली ऊर्मी असते ती हो म्हणायची किंवा वाद घालायची. त्याआधी विचारावं, "पाडव्यावर नेमकं काय काय अवलंबून आहे?" कधी कर्जाचा पहिला हप्ता तेव्हा सुरू होणार असतो. कधी निर्यातीच्या ऑर्डरचे नमुने पाठवायचे असतात. कधी घरच्या मोठ्यांच्या हातून पूजा व्हावी एवढंच मनात असतं. तिन्हींची उत्तरं वेगळी. नमुन्यांसाठी एक माग चालू होऊन पुरतो. हप्त्यासाठी चार माग विणू लागले तर ताण कमी होतो, मग त्या चारांचीच वायरिंग आधी घ्यायची. पूजा तर शेडला छप्पर आल्यावर कधीही होते. बारा मागांसाठी सगळ्यांनी रात्रपाळ्या करण्याआधी हा एक प्रश्न विचारलेला असावा.

आपलं ऐकणं सुधारतंय का, हे तपासायला एक साधी नोंद पुरते. प्रत्येक चुकलेल्या तारखेपुढे दोन तारखा लिहायच्या: काम कधी व्हायचं होतं, आणि होणार नाही हे आपल्याला पहिल्यांदा कधी कळलं. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी दोन्ही तारखा एकच असतात, किंवा कळल्याची तारीख नंतरची असते. हळूहळू कळल्याची तारीख चार दिवस, आठ दिवस आधी सरकू लागली तर रीत लागू पडतेय. दोनेक महिन्यांनी ही वही गटवार पाहावी. एखादा कॉन्ट्रॅक्टर नेहमी शेवटच्या क्षणीच सांगतो असं दिसलं, तर त्याच्या स्वभावावर जाण्याआधी अकाउंट्समध्ये त्याचं बिल किती दिवस पडून आहे ते पाहावं. पैसे अडकलेला माणूस अडचण सांगत नाही, कारण त्याच अडचणीचं निमित्त करून बिल आणखी थांबवलं जाईल अशी त्याला भीती असते. त्याच्याशी पुन्हा बैठक घेण्याआधी मोजमाप पूर्ण करून ते बिल निघायला हवं.